वेठ वालीवला उतरली

वेठ संपली म्हणतात. संपली म्हणजे कागदावर संपली. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं गेली, येसकराची काठी गेली, मेलेलं ढोर ओढणं गेलं, साहेब गावात आला की त्याच्या घोड्यापुढं धावणं गेलं. घटनेच्या २३ व्या कलमानं तर त्याच्याही आधी सांगून ठेवलं होतं की माणसाला वेठीला धरायचं नाही, धरलं तर गुन्हा. मग वालीव फाट्यापासून सातिवली, गोखिवरे, चिंचपाडा, गावराईपाड्यापर्यंतच्या गाळ्यांमधून सकाळी आठ ते रात्री साडेआठ जे चालतं त्याला काय म्हणायचं? नोकरी म्हणायचं? रोजगार म्हणायचं? मी त्याचं खरं नाव शोधत होतो. ते मला कुठल्या क्रांतिकारी पुस्तकात सापडलं नाही, सुप्रीम कोर्टाच्या निकालात सापडलं. त्याच्याकडे येतो, पण आधी गाळ्याकडे.

हे मी शेठलोकांसाठी लिहीत नाही. ते वाचत नाहीत, आणि वाचलं तरी वकिलाला विचारतील. हे तुमच्यासाठी आहे. १४ एप्रिलला निळा फेटा बांधून वसई स्टेशनपासून मिरवणुकीत नाचणाऱ्या, बुद्धपौर्णिमेला सोपाऱ्याच्या स्तूपाला मेणबत्ती लावणाऱ्या, अट्रॉसिटीची केस झाली की रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात धडकणाऱ्या माझ्या मित्रांसाठी आहे. तुमच्या हिमतीबद्दल मला शंका नाही. पण गाळ्याच्या दारात आली की ती हिंमत कुठे जाते, एवढंच विचारायचंय.

कामगार म्हटलं की आपल्यातल्या शिकलेल्या पोरांना अजून चिमणी, भोंगा आणि लालबाग-परळ दिसतं. भोंगा कधीच बंद झाला. आता गाळा असतो. खाली लोखंडी शटर, वर पत्रा, मागच्या बाजूला एक मोरी आणि तिला चिकटून संडास. एका औद्योगिक वसाहतीत असे पन्नास-शंभर. कुठे प्लास्टिकचं मोल्डिंग, कुठे पॉवर प्रेस, कुठे पावडर कोटिंग, कुठे खोकी, कुठे खेळणी. माझ्या गाळ्यात नाडी विणतात, चड्डीची आणि पायजम्याची इलॅस्टिक नाडी. बाहेरच्या पाटीवर 'मिल' असं रंगवलंय, म्हणून मी गिरणी कामगार. मशीन रात्रंदिवस चालतं. आमची पाळी आठ ते साडेआठ, मधला अर्धा तास डब्याचा. म्हणजे नक्त बारा तास. आत पस्तीस माणसं आहेत आणि हजेरीपटावर नऊ. हा नऊचा आकडा शेठला स्वप्नात दिसलेला नाही. दहा माणसं झाली की ईएसआय लागतो आणि वीस झाली की भविष्य निर्वाह निधी लागतो. म्हणून नऊ. बाकीचे सव्वीस जण आहेत आणि नाहीत. त्यांचा घाम आहे, त्यांची नाडी बाजारात विकली जाते, पण ते नाहीत. वतनदाराच्या वहीत महाराचं नाव तरी असायचं.

आता हिशेब करू. आपल्या चळवळीत भाषणं फार होतात, हिशेब कमी. बाबासाहेब अर्थशास्त्राचे डॉक्टर होते हे आपण फ्लेक्सवर छापतो आणि पगाराची बेरीज शेठच्या मुनीमावर सोडून देतो.

समजा आठ तासांचे ४८० रुपये. तासाला ६०. आठ तासांच्या वरचे चार तास हा ओव्हरटाइम. ओव्हरटाइमला दुप्पट दर, हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ५९ व्या कलमात होतं आणि आता आलेल्या नव्या संहितेतही आहे. म्हणजे चार तासांचे ४८० झाले पाहिजेत. मिळतात २४०, सिंगल. काही गाळ्यांत तेवढेही नाहीत, बारा तासांचाच एक ठोक रोज ठरवलेला असतो. पण सिंगलच धरू. दिवसाला २४० गेले. महिन्याला २६ दिवस, म्हणजे ६,२४० रुपये. पस्तीस माणसांचे २,१८,४०० रुपये महिन्याला, वर्षाला सव्वीस लाखांच्या वर. एका गाळ्यातून! हे पैसे कोणी तिजोरी फोडून नेलेले नाहीत. रोज रात्री साडेआठ वाजता आम्ही शटर खाली ओढतो आणि ते पैसे आत ठेवून घरी जातो.

नाक्यावर कोणी मोबाइल चोरला तर त्याला खांबाला बांधून मारतात. सव्वीस लाख नेणाऱ्याच्या हातून आपण सत्यनारायणाचा प्रसाद घेतो. आणि प्रसाद घ्यायला 'आमच्यात नाही चालत' असं म्हणायची सोय नसते, कारण मग आडनाव निघतं.

पणज्याची गोष्ट सांगतो, कारण ती फक्त माझ्या पणज्याची नाही. पणजा मुंबईला गिरणीत लागला तो त्रासनखात्यात. साचेखात्यात त्याला पाय ठेवता येत नव्हता. पगार साचेखात्यात जास्त होता, कसब तिथं होतं. पण धोट्यात नवी नळी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. महाराच्या तोंडाचा धोटा मराठ्यानं तोंडाला कसा लावायचा? म्हणून साचेखातं बंद. तेव्हा गिरणीत लाल बावटा होता, कामगार एकजूट होती, जगातल्या कामगारांनो वगैरे सगळं होतं. फक्त धोटा एक नव्हता.

१९२८ चा मोठा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारलं की आमच्या माणसाला साचेखात्यात घेण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? धमकीच दिली म्हणा ना. तेव्हा कुठं ती मागणी नाखुशीनं यादीत आली. आणि मालकांनी काय सांगितलं? की ही बंदी आम्ही घातलेली नाही, तुमच्याच कामगारांनी घातलीय. मालक खोटं बोलत होता असं मला छातीठोक म्हणता येत नाही, आणि मला जास्त राग त्याचाच येतो. बंदी कामगाराची होती आणि फायदा मालकाचा. बंद खात्यामुळे एक अख्खी जात स्वस्तातल्या कामाला बांधून मिळत होती. तो कशाला बंदी उठवतो?

आज मी मागावर आहे. पणज्याला जे खातं बंद होतं त्यात मी उभा आहे. आनंद व्हायला पाहिजे होता. पण नाडीच्या मागाला धोटाच नाही, सुई आहे. दोरा तोंडानं ओढावा लागत नाही. मशीननं विटाळ काढून टाकला आणि त्याच दमात कसबही काढून टाकलं, पगारही काढून टाकला. दार उघडलं तेव्हा आतलं सामान आधीच बाहेर गेलं होतं. आपल्या पोरांनी हे नीट ध्यानात घ्यावं. आपल्याला जिथं प्रवेश मिळतो तिथली किंमत पडल्यावर मिळतो, की आपण येतो म्हणून किंमत पाडली जाते? मला दोन्ही खरं वाटतं.

आणि विटाळ गेला असंही नाही. तो मागावरून उठून मोरीत गेला. गाळ्याचा संडास तुंबला की कोणाला हाक मारतात? ऑपरेटरला नाही, सेटरला नाही. हेल्परला, आणि हेल्परमध्येही एका ठरावीक हेल्परला. त्याला जात विचारलेली नसते. पहिल्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स घेतलेली असते, तेवढी पुरते. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच दाखवलं होतं. आपला माणूस गँगमन म्हणून लागला की गँगमन म्हणूनच मरतो, त्याला साधं पोर्टरही होता येत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तर घरकामाला लावतो आणि आपला माणूस त्याच्या घरात चालत नाही. त्याच परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिला शत्रू पाठ केला. दुसऱ्याच्या नावाची पावती फाडतो. पावतीचं पुढं सांगतो.

टाकीत उतरण्याबद्दल एक बोलून घेतो. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या ग्लोबल सिटीत सांडपाण्याच्या टाकीत चार कामगार गुदमरून मेले. आपल्याच महापालिकेच्या हद्दीत, वालीवपासून रिक्षाच्या अंतरावर. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या, हे सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं, आधी ते १० लाख होते. किंमत वाढली. उतरवणं थांबलं नाही.

आता तो निकाल. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ होणार होते. स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेलं बांधायला बाहेरगावचे मजूर आणले होते. ठरलेलं किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ते जमादाराच्या हातात द्यायचे, जमादार एक रुपया कापून घ्यायचा आणि मजुराच्या हातात सव्वाआठ पडायचे. एका लोकशाही हक्क संघटनेनं कोर्टाला पत्र लिहिलं. न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठानं त्या सप्टेंबरात सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमातली सक्तीची मजुरी. वेठच. शेठचा वकील म्हणेल, कोणी बंदूक धरली होती का, माणूस आपल्या पायानं आला. कोर्टानं त्याचंही उत्तर देऊन ठेवलंय. पोटाची भूक आणि दुसरा मार्ग नसणं ही पण जबरदस्तीच. एका रुपयासाठी हा निकाल झाला. आमचे दिवसाला २४० जातात.

ओव्हरटाइम आणि किमान वेतन या दोन गोष्टी वेगळ्या, असं कोणी कायदा शिकणारा मित्र म्हणेल. बरोबर आहे, निकाल किमान वेतनावरचा आहे. पण बारा तासांचा ठोक रोज घे, त्यातले आठ तास सिंगल आणि चार डबल असे तोड, आणि मग सरकार दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता धरून जो किमान दर काढतं त्याच्याशी लावून बघ. पॅकिंगच्या बायकांचा तर न तोडताच लाव. त्यांना पुरुष हेल्परपेक्षाही कमी देतात, कारण काय तर 'हलकं काम'. खोकी उचलून बघावी एकदा त्या हलक्या कामाची. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला होता. गरोदर बाई गाळ्यातून आपोआप 'सोडून जाते', तिला कोणी काढत नाही. बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या आणि भत्त्याच्या बिलाच्या बाजूनं बोलले, १९२९ मध्ये तो कायदा झाला. वालीवला तो अजून पोचायचाय. बस मिळाली नसेल.

तर आपण ज्याला नोकरी म्हणतो तिचं कायद्यातलं नाव वेठ आहे. हे मी चिडून म्हणत नाही. महाराच्या पोरानं गाव सोडलं, वतनावर थुंकला, मुंबई गाठली, गिरणी बुडाली म्हणून नालासोपाऱ्याच्या चाळीत आला, आणि पुन्हा वेठीलाच लागला. फक्त पाटलाच्या जागी ठेकेदार आला आणि बलुत्याच्या जागी गुगल पेवर उचल आली. या पालघर जिल्ह्यात वेठ काय हे वारल्यांना विचारा. १९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगावचे वारली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या झेंड्याखाली उठले ते वेठ आणि लग्नगडीच्या विरुद्ध. लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून जन्मभर सावकाराच्या रानात राबायचं त्याला लग्नगडी म्हणत. आज त्यांची नातवंडं हायवेच्या कडेला सकाळी सहाला टेम्पोची वाट बघत उभी असतात. ते आपले वाटत नाहीत आपल्याला. ते 'आदिवासी', त्यांची संघटना वेगळी.

आणि 'भय्या' तर शत्रूच! वालीवच्या गाळ्यांत यूपी-बिहारची पोरं पुष्कळ आहेत. आपली काही मंडळी त्यांच्याविरुद्ध घोषणा देणाऱ्यांच्या मागं जाऊन उभी राहतात, हे बघून मला लाज वाटते. माझ्या शेजारच्या मागावरचा पोरगा नावापुढं फक्त 'कुमार' लावतो. कुमार म्हणजे काय हे मला विचारावं लागलं नाही. आपल्यातला जो आडनाव बदलून ठाण्यात खोली घेतो, तोच हा. त्याच्या जिल्ह्यात त्याच्या घराची वाट वेगळी आहे, विहीर वेगळी आहे. मे २०२० मध्ये वसईच्या सनसिटी मैदानावर श्रमिक गाडीच्या नोंदणीला हजारो माणसं उन्हात बसली होती, ती हीच. बारा तास काम घेणाऱ्या शेठनं त्यांना दोन महिन्यांचं रेशनही भरून दिलं नव्हतं. शेठ 'लोकल' पोराला सांगतो की भय्ये स्वस्तात येतात म्हणून तुला वाढ नाही, आणि भय्याला सांगतो की लोकल पोरं युनियन करतात, तू त्यांच्यात बसू नकोस. तो दोन्ही भाषा बोलतो. आपणच एक बोलतो.

लाल बावटेवाल्या मित्रांनाही एक सांगायचंय. तुम्ही आमच्या मीटिंगला येता, वर्ग वर्ग म्हणता, चांगलं आहे. १९८२ च्या १८ जानेवारीला अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागं संपावर गेले, माझा आजा त्यात होता. तो संप कोणी रीतसर मागं घेतलाच नाही. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आले आणि आमचं घर रेल्वेच्या रुळावरून उत्तरेला सरकत गेलं. मला त्या संपाचा अभिमान आहे. पण धोट्याचा प्रश्न यादीत टाकायला बाबासाहेबांना धमकी का द्यावी लागली, याचं उत्तर तुमच्या शिबिरात मला अजून मिळालेलं नाही. संडासात कोण उतरतो हा प्रश्न जाहीरनाम्यात पहिल्या पानावर घ्या, मग वर्गाचं बोलू. नाहीतर आम्ही आमचं बोलू.

पण या वादाच्या आडून आपल्या लोकांनी पळ काढलाय, तोही पुरे झाला. कामगार प्रश्न म्हणजे कम्युनिस्टांचा, आपला प्रश्न जातीचा, ही वाटणी कोणी केली? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष, नावातच मजूर. १९३८ च्या औद्योगिक कलह बिलाविरुद्ध ते विधानसभेत बोलले की संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणं, गुलाम करणं. आणि ७ नोव्हेंबरला त्याच लाल बावट्याच्या बरोबरीनं संप केला. धोट्याचा राग मनात ठेवून केला. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारं बिल १९४६ मध्ये त्यांच्या खात्याचं. मजूर खात्याचं हे सगळं शासनानं छापलेल्या दहाव्या खंडात आहे. खंड इंग्रजीत आहे. मी दहावी नापास, शब्दकोश मांडीवर घेऊन रात्री चाळीच्या जिन्यात बसून वाचला, सात महिने लागले. आपल्या मंडळाच्या कपाटात तो खंड प्लास्टिकच्या वेष्टणात आहे. वेष्टण अजून फाडलेलं नाही.

त्यांच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांचा सत्यशोधक. १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा काढली आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळवली. म्हणजे या देशात कामगाराची संघटना पहिल्यांदा बांधली ती जातीविरुद्ध लढणाऱ्यानं. आपण आपल्याच घरातून उपरे झालोय.

आता दिल्लीकडे बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यात विरघळले. सरकार म्हणतं, आता प्रत्येकाला नेमणूकपत्र मिळणार. चांगलं आहे, मी ते कलम आधी वाचलं, आणि ते आपण वापरायचं आहे. पण बाकीचं पण वाचा. यंत्रावर चालणारा कारखाना म्हणजे दहा माणसं असं जुन्या कायद्यात होतं, आता वीस. विजेशिवाय चालणारा पूर्वी वीस, आता चाळीस. टाळं लावायला, कपात करायला परवानगी लागायची ती १०० माणसांवर, आता ३००. वालीवमध्ये ३०० चा गाळा दाखवा मला. संप करायचा तर चौदा दिवस आधी नोटीस, आणि निम्म्या माणसांनी ठरवून एकदम रजा टाकली तर तोही संपच. १९३८ चं बिल ज्यांनी वाचलंय त्यांना वास ओळखीचा वाटेल.

त्याच्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातले रोजचे तास ९ वरून १२ पर्यंत वाढवायला मंजुरी दिली. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४. वर्तमानपत्रांत त्यावर अग्रलेख आले. मी माझी वही काढली. रोजचे चार तास, महिन्याला १०४, तिमाहीला ३१२. वर्षानुवर्षं. ११५ का १४४ यावर मुंबईत वाद चालला होता आणि वालीवमध्ये ३१२ चालू होते, सिंगलमध्ये. कायदा बदलून आमचं काही वाढलं नाही, फक्त शेठच्या चोरीवर छप्पर आलं. म्हणे कामगाराची लेखी संमती घेणार! संमती आमच्याकडून कामाला लागताना पहिल्या दिवशीच घेतात, कोऱ्या कागदावर दोन सह्या. एक पगार मिळाल्याची, एक राजीनाम्याची.

'पोरंच बारा तास मागतात, आठ केले तर दुसऱ्या गाळ्यात जातील.' हे मी आपल्याच कार्यकर्त्याच्या तोंडून ऐकलंय. मागतात, कारण आठ तासांत खोलीचं भाडं आणि गावचं मनीऑर्डर निघत नाही. तहानलेला गटाराचं पाणी मागतो म्हणून ते त्याला आवडतं असं होत नाही. डबल द्या, मग बघा शेठ स्वतःच आठ तासांनी शटर पाडतो की नाही. डबल दर त्यासाठीच असतो, बारा तास शेठलाच महाग पडावेत म्हणून.

आता पावती. जयंतीची वर्गणी कुठून येते? मार्च लागला की मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन गाळ्यागाळ्यात फिरतात. शेठ खुर्ची देतो, चहा सांगतो, ५,००१ लिहितो. फ्लेक्सवर खाली उजव्या कोपऱ्यात त्याचा हात जोडलेला फोटो येतो आणि वर बाबासाहेब. पस्तीस माणसांचे महिन्याचे दोन लाख अठरा हजार खाऊन वर्षातून एकदा पाच हजार परत. आणि ज्या पोराचे पैसे त्यानं खाल्ले तोच मिरवणुकीत डीजेपुढं नाचतो, त्या दिवशीची खाडी लावून. मग प्रेसमध्ये कोणाचं बोट गेलं, की अध्यक्ष गाळ्यावर जातात आणि 'मिटवून' येतात. वीस हजारात मिटतं. ईएसआयचं कार्ड असतं तर त्या बोटाची जन्मभराची पेन्शन बसली असती. अध्यक्षांना वाटतं, आपण पोराचं भलं केलं. पुढच्या मार्चला शेठ सात हजार लिहितो. मी अध्यक्षांचा अपमान करत नाहीये, ते जुने माणूस आहेत, नामांतरासाठी लाठ्या खाल्लेल्या आहेत. पण लाठी खाल्लेल्या पाठीवर शेठचा हात फिरतोय हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे, आणि ते घरच्यानंच सांगितलेलं बरं.

स्तूपाला गेलं की भन्तेजी अष्टांगिक मार्ग सांगतात. सम्यक आजीविका आली की सगळे मान डोलावतात, दारू विकू नका, शस्त्रं विकू नका. माझी आजीविका सम्यक आहे का, हे मी एकट्यानं कसं ठरवू? ती माझ्या हातात असती तर आठ तास असती. दुसऱ्याची आजीविका चोरून चालणारा धंदा कुठल्या अंगात बसतो, यावर एखादं प्रवचन व्हावं अशी माझी विनंती आहे.

आम्ही सात जणांनी आपापल्या गाळ्यात वही ठेवलीय. शंभर पानी, रेघांची. रोज कधी आत गेलो, कधी बाहेर आलो, किती रुपये हातात आले, कोणी दिले, सोबत कोण होतं. ठेकेदाराचे मेसेज आणि गुगल पेच्या नोंदी ठेवतो. गेटवरून पाळी सुटताना मोबाइलमध्ये वेळेसकट फोटो. हजेरीपटावर नाव नसलेला माणूस कामाला होता हे सिद्ध करायचं म्हटलं की हेच उपयोगी पडतं, भाषण पडत नाही. दोघांना कामावरून काढलं, वहीमुळे नाही, वही अजून त्यांना ठाऊक नाही, उलट बोलले म्हणून. त्यांचा दावा लिहायला वकिली शिकणारी आपली एक मैत्रीण बसलीय. कुमारची वही हिंदीत आहे. पॅकिंगच्या दोन बायका लिहीत नाहीत, त्या आकडे सांगतात आणि मी उतरवतो.

सात वह्यांनी काही होत नाही, हे मला कळतं. सत्तर लागतील. त्या तुमच्याकडे आहेत, कारण या पट्ट्यात तुमची पन्नासेक मंडळं आहेत आणि प्रत्येक मंडळातली निम्मी पोरं गाळ्यात आहेत. मंडळाच्या पुढच्या बैठकीला मी ठराव मांडणार आहे. ज्या गाळ्यात नेमणूकपत्र नाही, पगारपावती नाही आणि ओव्हरटाइम डबल नाही, त्या गाळ्यातून जयंतीची एक रुपयाही वर्गणी घ्यायची नाही आणि त्या शेठचा फोटो फ्लेक्सवर छापायचा नाही. पावतीपुस्तकाऐवजी पोरांनी मार्चमध्ये कोऱ्या वह्या घेऊन गाळ्यागाळ्यात फिरायचं. डीजे होणार नाही, खर्च निघणार नाही, असं म्हणणारे उभे राहतील. त्यांनी बोलताना आपण कुठल्या गाळ्यात कामाला आहोत, आणि नसलो तर आपलं पोट कशावर चालतं, ते सांगून मग बोलावं. ठरावाला अनुमोदन द्यायला अजून कोणी मिळालेलं नाही. बैठक रविवारी संध्याकाळी सात वाजता आहे. आमची पाळी साडेआठला सुटते, म्हणून ती नऊला घ्यावी असा अर्ज मी दिलाय.